नाक फुटलेलं कॅनबेरा

आमच्या वर्कशॉपात एरवी बिल्डरांच्या सोसायट्यांची आणि पंपवाल्यांच्या कटसेक्शनची मॉडेलं होतात. त्यामुळे हवाई दलातून निवृत्त झालेल्या, गेल्या वर्षी वारलेल्या एका वैमानिक साहेबांनी स्वतः केलेली छोटी विमानं त्यांच्या मुलीनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणून टेबलावर मांडली, तेव्हा सगळी पोरं मशिनं बंद करून बघत उभी राहिली. 1/72 प्रमाणातली नॅट, हंटर, मिग-21 ही लढाऊ विमानं आणि कॅनबेरा हे बॉम्बर. रंग ब्रशनं दिलेला, एनॅमल, पण ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ.

कॅनबेराचं नाक कॉकपिटच्या मागे जोडावर फाटलं होतं. फटीतून पांढरी भुकटी सांडत होती.

"वाळवी असेल का हो दादा?" ताईंनी विचारलं.

वाळवी नव्हती. ते शिसं होतं. तीन चाकांवर उभं राहणारं विमान प्लॅस्टिकमध्ये केलं की शेपटीवर बसतं, म्हणून नाकात वजन भरावं लागतं. कॅनबेराच्या बी(आय)58 प्रकारात नाकाचं टोक काचेचं असतं, नेव्हिगेटर तिथंच बसतो. म्हणजे वजन लपवायला जागा उरते ती फक्त कॉकपिटच्या मागे, पुढच्या चाकाच्या खोबणीवर. साहेबांनी तिथं एअरगनचे छर्रे भरून सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात बसवले होते. त्या काळी सगळे असंच करायचे, कुणी दोष द्यावा असं त्यात काही नाही. पण त्या गोंदातून हळूहळू ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते. ती, ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचा पांढरा कार्बोनेट बनतो, म्हणजे जुन्या रंगातला सफेदा. तो शिशापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून जोड फोडतो. त्यात कोल्हापूरचा चार महिन्यांचा पाऊस, आणि बंद प्लायवूडचं शोकेस. ताजं लाकूड आणि प्लायही हीच वाफ सोडतात. शोकेस बनवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही आणि ते विचारतही नाहीत. काच चकचकीत आणि आत दिवा तापणारा असला की काम झालं.

ही भुकटी विषारी. त्यामुळे फुंकर नाही, कंप्रेसर तर मुळीच नाही. हातमोजे, मास्क, टेबलावर ओला कागद. जोड फुटलेलाच होता, तो रेझर सॉच्या पात्यानं दोन्ही बाजूंनी थोडा लांबवला, चिमट्यानं छर्रे काढले, उरलेलं डिस्टिल्ड वॉटरनं ओलसर केलेल्या कापसाच्या काडीनं टिपलं आणि सगळं बंद पिशवीत वेगळं ठेवलं. मग विमान पंख्याखाली दोन दिवस.

नवीन वजन म्हणून 3 मि.मी.चे बेअरिंगचे स्टील बॉल. ते उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत मिळतात. अडचण वेगळी होती. शिशाची घनता 11.3, स्टीलची 7.8, म्हणजे तेवढ्याच वजनाला जवळपास दीडपट जागा लागते. ती नव्हतीच. इंजिनांच्या पुढच्या भागात उरलेलं वजन घालता येतं, पण त्यासाठी साबूत जोड उघडावे लागले असते. म्हणून मावतील तेवढेच बॉल भरले आणि शेपटीखाली पारदर्शक ॲक्रिलिकची बारीक टेकणी दिली. बॉल इपॉक्सीत बसवायचे ते दोन थरांत. एकदम जाड थर ओतला तर तो घट्ट होताना तापतो आणि मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, वाकतं. रंगाची दुरुस्ती फक्त जोडाच्या दोन मिलिमीटर पट्टीवर केली, तीही ॲक्रिलिकनं, म्हणजे पुढे कुणाला काढायची झाली तर खालचं एनॅमल शाबूत राहील.

ताईंचा चुलतभाऊ म्हणाला, "सगळ्यावर लॅकर मारून चकाचक करा की." नाही म्हणालो. स्प्रेच्या लॅकरमधलं सॉल्व्हेंट जुनं एनॅमल सुरकुतवतं, आणि साहेबांनी हे रंग मुद्दाम मॅट ठेवले होते.

नॅटनं मात्र मला थांबवलं. ते स्टँडवर उडत्या अवस्थेत आहे, पंखांचा विस्तार साडेनऊ सेंटिमीटरही नाही. चाकं अर्धवट बाहेर. एक पाय तुटून डबीत आला होता. आमचा पोरगा म्हणाला, "अर्धवटच चिकटवलंय, सरळ खाली करू." तसं केलं असतं तर त्या मॉडेलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट गेली असती. नॅटला वेगळे एअरब्रेक, म्हणजे हवेत वेग कमी करणाऱ्या झडपा, नव्हते. चाकं थोडी खाली सोडली की तीच, त्यांच्या झाकणांसकट, एअरब्रेकचं काम करायची. हे पुस्तकात वाचूनही कळतं, पण शोकेससाठी विमान करताना वेग कमी करण्याचा तो क्षण निवडायला नॅट चालवलेला माणूस लागतो. शाबूत पायाचा कोन प्रोट्रॅक्टरनं मोजून पुठ्ठ्याचा साचा कापला आणि तुटलेला पाय त्याच कोनात बसवला.

म्हणूनच हंटर खटकलं. चाकं खाली, जमिनीवर उभं, आणि पोटाखालचा एअरब्रेक उघडा. हंटरमध्ये चाकं खाली असताना तो एअरब्रेक उघडत नाही, तशी रचनाच आहे. साहेब हे चुकणारच नाहीत. भिंग लावलं तेव्हा उलगडलं. बाकी सगळे जोड प्लॅस्टिक वितळवणाऱ्या पातळ सिमेंटचे, स्वच्छ. एअरब्रेकच्या कडेला मात्र सुपरग्लूची पांढरी धुरकट झाक. नंतर कुणीतरी निघालेला तुकडा उघडा चिकटवला होता. सुपरग्लू ॲसिटोननं निघतो, पण ॲसिटोन पॉलिस्टायरीनही विरघळवतं. म्हणून विमान झिपच्या पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवलं. थंडीनं सुपरग्लू ठिसूळ होतो, पातं टेकवलं की तुकडा टच्कन सुटतो. मग पिशवी न उघडता विमान खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर रंगावर दव धरतं. एअरब्रेक बंद करून बसवला.

मिगची नाकासमोरची पिटो नळी, म्हणजे हवेतला वेग मोजणारी बारीक नळी, तुटली होती. ती सगळ्यांचीच तुटते, कारण बघायला येणारा माणूस विमान नाकाला आणि पंखाला धरूनच उचलतो. 21 नंबरच्या इंजेक्शनच्या सुईत 26 नंबरची सुई सरकवून नवीन केली. प्लॅस्टिकपेक्षा बारीक आणि कणखर.

प्रश्न मिगच्या आणि हंटरच्या नाकाचा आहे. दोन्ही नाकं जड आहेत आणि जोरकस चुंबक लावला तरी ओढत नाहीत, म्हणजे स्टील नाही, बहुतेक तेच छर्रे. जोड मात्र अजून अखंड, रंगाला तडा नाही. माझा भागीदार म्हणतो आत्ताच उघडा, फुटायची वाट कशाला बघायची? त्याचं चूक नाही. पण उघडायचं म्हणजे साहेबांनी घासून अदृश्य केलेला जोड कापायचा, त्यावरचा त्यांचा रंग खरवडायचा. आजारी नसलेल्या विमानावर ते करायला माझा हात धजत नाही.

तूर्त प्लायचं शोकेस रद्द करून ॲल्युमिनियम-ॲक्रिलिकचं दिलं, आत सिलिका जेल, वर बारीक भोकं, दिवा बाहेर. दोन्ही नाकांची रुंदी ठरावीक पॅनल रेषेवर डिजिटल व्हर्नियरनं मोजून कागद शोकेसच्या पाठीला चिकटवलाय. दिवाळीनंतर ताई विमानं पुन्हा आणतील. 0.2 मि.मी.नं जरी फुगलेलं दिसलं, तर त्याच दिवशी उघडायचं.