सर्वांत स्वस्त रुग्ण

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या दोन उपचारपद्धतींच्या खर्चाची तुलना आम्ही करत होतो. त्या दिवशी दुपारी तक्त्याने जे उत्तर दिले, ते मला पटेना. रोजच्या इंजेक्शनांची, वीस महिन्यांची जुनी पद्धत सहा महिन्यांच्या नव्या गोळ्यांपेक्षा दरडोई स्वस्त निघाली होती.

अशा कामात औषधांचे भाव जमवणेच अवघड असणार, असे बाहेरच्यांना वाटते. तो भाग अर्ध्या दिवसात उरकतो. नव्या पद्धतीतले मुख्य औषध बेडाक्विलिन; त्याचा कोर्स म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या १८८ गोळ्या, पहिले दोन आठवडे रोज चार आणि पुढचे बावीस आठवडे आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. क्षयरोगाची औषधे देशांना एकत्रित खरेदीने मिळवून देणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीमार्फत पूर्ण कोर्सचा दर २०२० मध्ये ३४० डॉलर होता, तो २०२३ मध्ये १३० वर आला. खरा घोळ इंजेक्शनाचा. जुन्या पद्धतीतल्या कॅनामायसिनची कुपी स्वस्त असायची, पण त्याने मूत्रपिंड आणि कान बिघडू शकत, म्हणून तिच्यामागे सिरिंज, परिचारिकेचा वेळ, मूत्रपिंडाच्या तपासण्या, श्रवणचाचण्या आणि आठ महिने रोजची ये-जा असायची. मी परिचारिकेची मिनिटेसुद्धा मोजली होती आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

शेवटी मी ओळी खर्चाच्या चढत्या क्रमाने लावल्या. वरच्या जवळजवळ सगळ्या ओळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपचार सोडलेल्यांच्या किंवा दगावलेल्यांच्या होत्या. जो येणे थांबवतो त्याच्यावरचा खर्चही थांबतो, आणि आम्ही एकूण रकमेला उपचार सुरू केलेल्या सर्वांच्या संख्येने भागत होतो. भाजक बदलून यशस्वीरीत्या उपचार पूर्ण केलेल्यांची संख्या घातली, तेव्हा क्रम उलटला. वरिष्ठांचे म्हणणे, आधीच्या अहवालांत पहिलाच भाजक होता, तेव्हा तोच राहू द्यावा. आमच्या क्षेत्रात बेरीज दोनदा तपासतात, भाजकाकडे मात्र कोणी बघत नाही.

हे एवढ्यावर मिटले असते, पण त्याच संध्याकाळी रुग्णांच्या पदरच्या खर्चाची एक मुलाखत होती. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून अधिक खर्च झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो घर मोडणारा ठरतो. त्यासाठी प्रवास, बुडालेली मजुरी, कर्ज असे सगळे विचारावे लागते. समोरच्या बाईंचे उपचार २०१८ च्या आधीचे, म्हणजे त्या संघटनेने कॅनामायसिन बंद करायला सांगण्यापूर्वीचे. त्यांना ऐकू येत नव्हते, म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून देत होतो. ‘आजारपणात एकूण किती नुकसान झाले?’ हा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला, माझ्या हातून पेन घेतले आणि खाली लिहिले, ‘यात कानही मोजायचे का?’

माझ्या नमुन्यात श्रवणचाचणीचा रकाना होता, श्रवणाचा नव्हता. बहिरेपणाला भारांक, म्हणजे तो आयुष्य किती बिघडवतो याचे माप, लावून गमावलेली निरोगी वर्षे काढता येतात, तशी ती मी नंतर काढलीही. पण वर्षे डॉलरांच्या बेरजेत मिळवता येत नाहीत, आणि अहवालात ती वेगळ्या परिशिष्टात गेली.

रात्री मी त्यांची ओळ तक्त्यात शोधली. इंजेक्शन चालू असताना दर महिन्याला एक याप्रमाणे आठ श्रवणचाचण्या व्हायला हव्या होत्या. नोंद एकाच चाचणीची होती. उरलेल्या सातांचा खर्च झालाच नव्हता, त्यामुळे उपचार पूर्ण केलेल्यांत त्यांची ओळ बरीच वर होती, स्वस्तांमध्ये.