जिनिंगच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर आणि सोयाबीनचं तेल

धरणगाव, जामनेर, पाचोरा, कुठंही जा, सीझनला जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागलेले असतात आणि त्याच कंपाउंडच्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर उभा असतो, आत शेकडो लिटर मिनरल ऑइल. हे पेट्रोलियमपासूनचं तेल, फायर पॉइंट, म्हणजे तेल पेटून जळत राहतं ते तापमान, १६०-१७० अंशांच्या आसपास. आत शॉर्ट होऊन टाकी फाटली तर ते पेटतं, आणि बाजूला रुई. मला याची खरंच काळजी वाटते म्हणून लिहितोय.

यावर उपाय आहे आणि तो काही आजकालचा नाही. सोयाबीन, सूर्यफूल, रेपसीड यांच्या तेलापासून ट्रान्सफॉर्मरसाठी खास तेल करतात, त्याला नॅचरल एस्टर म्हणतात. अमेरिकेत १९९० च्या दशकातच यावर काम झालं, एफआर३ हे त्यातलं प्रसिद्ध नाव, ते सोयाबीनचं. आपल्याकडे आयएस १६६५९ हे स्टँडर्डही आहे. फायर पॉइंट ३५० अंशांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त! सांडलं तरी जमिनीत लवकर विघटन होतं, विहिरीजवळच्या डीपीसाठी, म्हणजे शेतातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी, हे पण महत्त्वाचं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते कागदाचं. वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या गुंडाळीच्या, तारेला इन्सुलेशनसाठी क्राफ्ट पेपर हा कागद गुंडाळलेला असतो आणि खरं सांगायचं तर त्या कागदाचं आयुष्य तेच ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य, कारण तेल फिल्टर करता येतं, बदलता येतं, कागद नाही. कागदाला उष्णता आणि ओल खाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, त्यात लोड, मग काय होणार. मिनरल ऑइल नेहमीच्या तापमानाला ५०-६० पीपीएमच (दहा लाख भागांत ५०-६० भाग) पाणी धरू शकतं, एस्टर हजारच्या आसपास धरतं, त्यामुळं कागदातली ओल तेलात ओढली जाते आणि कागद जास्त वर्षं टिकतो.

आता आमच्याकडचे लोक लगेच विचारतात, मग भाऊ आपलं सरकीचं तेल का नाही टाकत? तर घाण्याचं किंवा डब्यातलं खायचं तेल कुठलंच चालत नाही. ते खूप शुद्ध करून, ओल काढून, हवेनं बिघडू नये म्हणून अँटिऑक्सिडंट घालून मगच वापरतात. त्यात सरकीच्या तेलात लिनोलिक नावाचं फॅटी अ‍ॅसिड जास्त, हवा लागली की ते लवकर बिघडतं. ओलिक हे दुसरं फॅटी आम्ल जास्त असलेलं तेल बरं टिकतं.

आणि हवा हीच खरी अडचण आहे. आपल्या साध्या डीपीला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, असतो, त्यातली सिलिका जेल ओल शोषते, ऑक्सिजन अडवत नाही. एस्टर अशा टाकीत वर्षानुवर्षं ठेवलं तर घट्ट होत जातं. त्याला सीलबंद टाकीच पाहिजे. शिवाय ते मुळातच मिनरलपेक्षा जाड, म्हणून कूलिंगचं डिझाइन मेकरकडून तपासून घ्यावं लागतं.

किंमत जास्त आहे, हो. म्हणून शेतातली प्रत्येक डीपी उद्या बदला असं मी म्हणत नाही, पण जिनिंगवाल्यांनी नवीन ट्रान्सफॉर्मर घेताना ऑर्डरमध्येच नॅचरल एस्टर आणि सीलबंद टाकी लिहून घ्यावी. जुन्यातलं तेल काढून हे भरायचं असेल तर जास्त सांभाळून, कारण जुनं तेल कागदात मुरलेलं असतं, ते सात-आठ टक्क्यांच्या वर मिसळलं की फायर पॉइंट ३०० च्या खाली येतो आणि ज्यासाठी खर्च केला तेच हातातून जातं.