तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या सहलीत मैत्रीण कशाला?

दिल्लीचे फोटो दाखवले की हा प्रश्न ठरलेला असतो. फोटोत मी, माझा नवरा आणि कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. कुणी सरळ विचारतं, "तुम्ही दोघं जाता, त्यात तिला कशाला नेता?" कुणी जरा आडून, "तुमच्या ह्यांना चालतं का?" नणंदेनं तर "ती एकटी पडते म्हणून नेत असशील" असं उत्तरही परस्पर देऊन टाकलं. ते उत्तर मला फार लागलं, म्हणून आज नीट लिहिते.

मैत्रिणीनं लग्न केलेलं नाही. शाळेत इतिहास शिकवते, स्वतःचा खर्च स्वतः करते, नकाशा आमच्यापेक्षा चांगला वाचते. तिला दयेनं नेण्यासारखं काहीही नाही. आपल्याकडे सहली जोडप्यांच्या नाहीतर अख्ख्या कुटुंबाच्या ठरतात आणि एकट्या बाईला कुणी साधं "येतेस का?" असंही विचारत नाही, हे मला मुळातच पटत नाही. पण तिला नेण्याचं कारण त्याहून सरळ आहे. ती बरोबर असली की आम्हाला दोघांना शहर जास्त दिसतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली की नवरा-बायको एकमेकांना गोष्टी सांगायच्या थांबतात. समोरच्याला काय वाटणार हे आधीच माहीत असल्यासारखं वागतात. "छान आहे ना?" "हो." एवढ्यात कुतुबमिनार पाहून होतो. तिसरं माणूस आलं की मनातलं बोलून दाखवावं लागतं.

कुतुबच्या आवारातल्या लोहस्तंभाचंच सांगते. माझा नवरा आयुष्यभर कारखान्यात धातूंच्या चाचण्या करत आला. मैत्रिणीनं खांबावरचा गुप्त काळातला लेख दाखवला, त्यातल्या 'चंद्र' राजाला दुसरा चंद्रगुप्त का मानतात ते सांगितलं आणि मग सहज विचारलं, "भाऊजी, पण हा गंजत का नाही?" झालं! कुंपणाला हात टेकवून नवरा जो बोलायला लागला तो थांबेचना. त्या काळी लोखंड कोळशावर गाळत, भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे फॉस्फरस लोखंडातच राहून गेला. त्याच फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ, चिवट थर तयार झाला. सोळाशे वर्षं तो सहा टनांहून जड खांबाला सांभाळतोय, आणि दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहे. मग त्यानं आम्हाला खांबाचा एक पट्टा दाखवला, माणसाच्या छाती-पोटाच्या उंचीवरचा. तिथला रंग वेगळा, गुळगुळीत चकाकी आलेली. पूर्वी लोक खांबाला पाठ लावून मागून हातांची मिठी जुळते का पाहत, त्यानं तो थर घासला जाई. म्हणून १९९७ मध्ये कुंपण घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला त्याच्या कामाबद्दल असं भरभरून बोलताना मी ऐकलं नव्हतं. तो प्रश्न मला कधी सुचलाच नसता.

लाल किल्ल्यात तर दोघं भांडलेच. दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, आज रंगवलेलं लाकडी छत आहे. मूळच्या छताला चांदी होती आणि ती १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून नाणी पाडली. नवऱ्याचं म्हणणं, फौज उपाशी होती, पुण्याहून पैसा येत नव्हता, भाऊ काय करणार? मैत्रीण म्हणाली, "भाऊजी, अडचण खरीच. पण नादिरशहानं मयूर सिंहासन नेलं त्याला आपण लूट म्हणतो ना? मग हेही त्याच आवाजात सांगायला हवं. वर्गात मी तसंच सांगते." मला तिचं पटलं. पानिपताबद्दल आपण हळवे आहोत आणि असावंच. पण दहा वर्षांनी महादजी शिंद्यांनी हीच दिल्ली घेऊन मुघल बादशहा शाहआलमला गादीवर परत आणलं हे जितक्या अभिमानानं सांगतो, तितक्याच स्पष्टपणे त्या छताचंही सांगावं.

किल्ल्यासमोर सायकलरिक्षात दोघांचीच जागा, म्हणून आम्ही चांदणी चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या फतेहपुरी मशिदीपर्यंत चालतच गेलो. फार बरं झालं, कारण चांदणी चौक पायीच कळतो. सुरुवातीलाच लाल जैन मंदिर आणि त्याच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय, शेजारी गौरीशंकराचं देऊळ. हे देऊळ शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर या मराठी माणसानं बांधलं असं सांगतात. पुढे सीसगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. आम्ही डोकी झाकून आत जाऊन बसलो. थंडीचे दिवस होते, त्यामुळे बाहेर दौलत की चाट मिळाली. दुधाचा नुसता फेस, वर केशराचा पिवळा रंग, खवा आणि पिठीसाखर. द्रोणात भरपूर दिसते आणि जिभेवर ठेवली की नाहीशी होते. ऊन चढलं की ती बसते, म्हणून सकाळीच खावी.

हा चौक आखला शहाजहानच्या मुलीनं, जहाँआरानं. मैत्रिणीला तिची कबर पाहायची होती, म्हणून सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याला गेलो. गुलाबाच्या टोपल्यांची ती गल्ली पार करून दर्ग्यात पोचलं की कळतं, मुख्य कबरीपाशी बायकांना आत जाता येत नाही. नवरा फुलं घेऊन आत गेला, आम्ही दोघी बाहेर जाळीपाशी बसलो. आम्ही दोघंच आलो असतो तर मी तिथे एकटी ताटकळत बसले असते आणि मनात राग धरला असता. राग आत्ताही आहे, पण तिच्याशी बोलून तो निदान मांडता तरी आला. जहाँआराची कबर तिथेच अंगणात, संगमरवरी जाळीच्या आत. वर छत नाही, आणि कबरीच्या मधोमध दगडाऐवजी माती, त्यात उगवलेलं गवत. तिची इच्छाच तशी होती. एवढ्या श्रीमंत शाहजादीनं हे मागून घेतलं याचं मला फार अप्रूप वाटतं. नवरा बाहेर आल्यावर मैत्रिणीनं त्याला तिथे नेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मीही पुन्हा ऐकलं.

बाकी सोयीचं म्हणाल तर काही अवघड नसतं. खोल्या दोन घ्यायच्या. सुरुवातीलाच काँट्री काढून एक पाकीट करायचं, ते मैत्रिणीकडे. ऑटोत तिघं आरामात बसतात. मेट्रोत आम्ही दोघी पहिल्या, बायकांच्या डब्यात आणि नवरा मागच्या डब्यात, उतरल्यावर फलाटावर भेटायचं. सगळं सगळ्यांनी एकत्रच पाहायचं असा हट्टही नाही. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी पाहायला आम्ही दोघी गेलो. जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची मूर्ती, पण कमरेवर हात ठेवून अशी उभी की तिच्यापुढून हलवत नाही. त्या वेळात नवरा जंतरमंतरच्या सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, सावली बघत होता. संध्याकाळी महाराष्ट्र सदनात जेवताना दोघांकडेही सांगायला भरपूर होतं.

भांडणं होतात का? होतात. तिला प्रत्येक पाटी वाचायची असते, त्याला चहा हवा असतो आणि मला दोघांची वाट बघावी लागते. पण दोघंच असतो तेव्हाची भांडणं घरातल्याच जुन्या विषयांवर होतात. तिच्यासमोर ते विषय निघतच नाहीत, याचंही मला मोठं सुख आहे.

"ह्यांना चालतं का?" याचं उत्तर राहिलं. लाल किल्ला आणि संग्रहालय सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून पुढच्या थंडीतल्या दिल्लीची आखणी नवऱ्यानंच केली आहे. मेहरौलीतली जमाली-कमालीची मशीद आणि तिथल्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, राहिल्यात. तिकिटं त्यानं मला न विचारताच काढली, तीन.