बटणांवरचे ठिपके

त्या बाईंनी रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरून कापड गुंडाळून आणला होता. त्यांना दिसत नाही. सोबत भाचा होता. पिशवी माझ्या हातात देण्याआधीच त्या म्हणाल्या, "दादा, फार घाण झालाय. रोज पुसते मी, तरी असाच राहतो. हात लावायला तुम्हालाही नको वाटेल."

रेडिओ सुरू केला, तर आवाज अगदी खणखणीत. सगळी स्टेशनं लागत होती. बिघाड होता तो फक्त अंगावर. काळ्या बॉडीवर बोट टेकवलं की चिकटायचं आणि उचलताना बोटाचा ठसा मागे राहायचा. पुसायच्या फडक्याचे धागे कडांना धरून बसले होते. भाच्याचं मत ठरलेलं होतं, नवा घेऊ.

जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत ही तक्रार मला सतत भेटते. टॉर्च, दुर्बीण, माउस, छत्रीची मूठ, काहीही असो. आणि आणणारा माणूस जवळजवळ नेहमी ओशाळलेला असतो, जणू त्याने वस्तू नीट ठेवली नाही. म्हणून मी आधी तेवढंच सांगतो आणि बाईंनाही सांगितलं: ही घाण नाही. कारखान्यात टणक प्लास्टिकवर रबरासारख्या मऊ लेपाचा पातळ थर फवारतात, हाताला छान लागावं म्हणून. हा लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहते. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की थर मऊ पडतो, मग चिकट होतो. उष्णता आणि हाताचं तेल ही क्रिया वाढवतात. एकदा तुटलेलं पुन्हा जुळत नाही, त्यामुळे साबणाने कितीही धुवा, वरचा मळ जातो आणि खालचा लेप चिकटच राहतो. पावडर लावली तर थोडे दिवस बरं वाटतं, इतकंच.

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पुसण्यात कमी नव्हती."

"नव्हती, ताई."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. कोणतं बटण कशाचं हे कळावं म्हणून त्यांनी बटणांवर कापडाचे बारीक गोल ठिपके चिकटवले होते. लेप पाघळला तसे ते सरकले. मी भिंगाखाली पाहिलं: एक ठिपका दोन बटणांच्या मधल्या खाचेत जाऊन बसला होता आणि त्याच्या मागे गोगलगायीच्या वाटेसारखी चकचकीत रेघ होती. बोट त्या ठिपक्यावर विश्वासाने जायचं आणि भलतंच बटण दाबलं जायचं. डोळसाला हा नुसता किळसवाणा प्रकार. त्यांच्यासाठी रेडिओची सगळी अक्षरंच जागा सोडून गेली होती.

लेप पूर्ण काढायचा ठरला. एक गोष्ट आधी विचारून घ्यावी लागते: बटणांची नावं त्या लेपावरच छापलेली असतात, लेपाबरोबर तीही जातात. बाई हसल्या, "ती माझ्या काय कामाची?"

सेल काढले, खिडकी उघडली, हातमोजे घातले. लेप काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ते पेट घेतं, तेव्हा आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. अ‍ॅसिटोन किंवा थिनर मात्र कधीही नाही, त्याने खालचं टणक प्लास्टिकच (एबीएस नावाचं) विरघळतं. डायलवरच्या पारदर्शक पट्टीवर आधी टेप लावली, कारण ती अ‍ॅक्रिलिकची असेल तर अल्कोहोलनेही तिला बारीक तडे जाऊ शकतात. सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहिलं. प्लास्टिक शाबूत राहिलं, मग भिजवलेलं फडकं बॉडीवर ठेवून थांबलो. लेप काळ्या लोण्यासारखा सुटून येतो. फडकं भरलं की बदलायचं, नाहीतर तोच चिखल दुसरीकडे फासला जातो. बटणांभोवती अल्कोहोल ओतायचं नाही, आत उतरतं. तिथे कापसाची काडी आणि लाकडी टूथपिक. वेळ खरा तिथेच जातो.

ट्यूनिंगच्या चकतीभोवतीचं कडं मात्र लेपाचं नव्हतं, ते अख्खं रबराचं होतं आणि तेही ढिलं पडलेलं. अख्ख्या रबराला हा उपाय चालत नाही. खरवडत गेलं तर हातात काहीच उरत नाही. ते काढून टाकलं आणि त्या जागी हीट-श्रिंक नळीचा तुकडा गरम हवेने आवळून बसवला.

ठिपके कुठे हवेत ते बाईंनी स्वतः दाखवलं. टणक झालेल्या बटणांवरून बोट फिरवत त्या सांगत गेल्या, "इथे एक. इथे दोन. हे कोरं राहू दे." त्याप्रमाणे मी इपॉक्सीचे, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या गोंदाचे, थेंब ठेवले. ते पक्के व्हायला रात्र जावी लागते, म्हणून रेडिओ ठेवून घेतला. भाच्याला सांगितलं, यापुढे तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, उघडा राहू द्या. तो घरातल्या टॉर्चबद्दल विचारू लागला. म्हटलं, फेकायच्या आधी घेऊन या.