आतली पत्ती

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकची, म्हणजे हेडफोनची पिन जिथे खोचतात त्या भोकाची, डेटाशीट उघडली की खाली कुठेतरी एक आकडा सापडतो: ५,०००. एखाद्या भारीच्या जॅकला १०,०००. इतक्या वेळा पिन आत घाला, बाहेर काढा, तोवर जॅक नीट चालेल, असं कंपनीचं म्हणणं. हेडफोन लावून गाणी ऐकणाऱ्या माणसाला हा आकडा जन्माला पुरतो. मॉड्यूलर सिंथेसायझरवाला मात्र तो वाचून बोटं मोडायला लागतो, कारण त्याच्या वाद्यात पिना घालणं आणि काढणं हेच निम्मं वाजवणं असतं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या सिंथेसायझरमध्ये आवाज तयार करणारा भाग, तो गाळणारा फिल्टर, त्याला चढउतार देणारा भाग हे सगळं आतल्या आत जोडलेलं असतं. मॉड्यूलरमध्ये यातलं प्रत्येक खातं वेगळं. प्रत्येकाची वेगळी पट्टी आणि तिच्यावर भोकंच भोकं. कुठल्या भोकातून निघालेलं व्होल्टेज कुठल्या भोकात न्यायचं हे तुम्ही केबल लावून ठरवायचं. त्याला पॅच म्हणतात. तो कुठे सेव्ह होत नाही. दुसरं काही वाजवायचं तर केबली उपटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. म्यूनिकजवळच्या डीटर डोएफर यांनी १९९५च्या सुमारास ए-१०० ही मालिका आणली. त्यांनी ठरवलेली मापं पुढे जगभरच्या छोट्या-मोठ्या कारखानदारांनी उचलली, आणि युरोरॅक म्हणतात तो हाच प्रकार. त्यासाठी जॅक निवडला गेला तो साडेतीन मिलिमीटरचा, ट्रान्झिस्टर रेडिओच्या इयरफोनला असायचा तसला.

तर हिशेब. आवाज तयार करणारं खातं म्हणजे ऑसिलेटर. सूर किती उंच हे सांगणारं व्होल्टेज त्याच्या पिच इनपुटला येतं. या इनपुटला रोज एकदा पिन लागली, तर पाच हजारांचा आकडा गाठायला साडेतेरा वर्षं लागतात. रोज पाच वेळा लागली तर तीन वर्षंसुद्धा नाहीत. आणि पिच इनपुट हा एकच जॅक असा आहे की ज्याच्याशिवाय पान हलत नाही. पाहुणा कोणीही असो, पहिला चहा याच घरी.

प्रत्यक्षात मात्र उलटंच घडताना दिसतं. ज्या जॅकला रोज पिन लागते तो वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही, आणि कोपऱ्यातला, ज्याला कोणी विचारत नाही, तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी खरखरतो.

याचं कारण आतल्या पत्तीत आहे. जॅक उघडून पाहिला (भिंग असेल तर उत्तम) तर आत वाकवलेली एक धातूची पत्ती दिसते. पिनेचं टोक आत शिरलं की ते पत्तीला बाजूला रेटतं, पत्ती स्प्रिंगसारखी उलट दाबते, आणि या दाबावर सगळा संसार चालतो. पिन आत जाताना टोक पत्तीवरून घासत जातं. या घासण्यानं मुलामा झिजतो हे खरं, पण पत्तीवर धरलेला ऑक्साइडचा पापुद्राही त्याच घासण्यात निघून जातो. म्हणजे प्रत्येक वेळी पिन घालताना तुम्ही जॅक थोडा संपवत असता आणि थोडा साफ करत असता. न वापरलेल्या जॅकच्या वाट्याला यातलं फक्त गंजणं येतं. पुण्याच्या जुलैत, भिंतीला ओल आलेली असताना, तर विचारायलाच नको. मुंबईत किंवा कोकणात रॅक ठेवणाऱ्यांची मी फक्त कल्पना करतो.

याहून खट्याळ भानगड दुसऱ्या पत्तीची. बऱ्याच जॅकांत आणखी एक संपर्क असतो. पिन लावलेली नसते तेव्हा तो पहिल्या पत्तीला टेकलेला असतो आणि त्याच्यातून आतल्या आत एक ठरलेला सिग्नल येत राहतो. पिन घातली की पत्ती त्याच्यापासून सुटते आणि तो सिग्नल तुटतो. १९७१च्या आर्प २६०० या वाद्याची सगळी मजा यावरच उभी होती: एकही केबल न लावता ते वाजायचं, आणि केबल लावली की आतली जोडणी मोडून तुमची चालायची. आता समजा एक केबल तुम्ही आवडत्या पॅचमध्ये सहा महिने तशीच ठेवली. तेवढा काळ ही दुसरी पत्ती हवेत उघडी, कोणाला न टेकता बसलेली. शेवटी केबल काढता तेव्हा आतला ठरलेला सिग्नल येतच नाही. माणसाला वाटतं मॉड्यूल जळलं. प्रत्यक्षात तीच पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली की गाडी रुळावर येते. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी हे करून पाहावं. तिथे एवढ्याच कामाचे पैसे मोजावे लागतात.

संपर्क पूर्ण तुटला तर बरं, निदान कळतं तरी. वाईट असतो तो अर्धवट लागलेला. युरोरॅकमध्ये १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. इनपुटचा रोध साधारण १ लाख ओहम असतो. गंजलेल्या पत्तीनं वाटेत ५०० ओहमची भर घातली, तर पोचणारं व्होल्टेज अर्ध्या टक्क्यानं घटतं. ४ व्होल्टच्या सुराला ही घट २० मिलिव्होल्टची, म्हणजे २४ सेंटची (सप्तकाचे १२०० भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट). आपल्याकडच्या श्रुतींच्या हिशेबात ८१/८० हे जे सर्वांत लहान अंतर धरतात ते साडेएकवीस सेंट भरतं. एवढ्याशा गंजानं गंधार एका श्रुतीनं खाली उतरवला, आणि तोही फक्त वरच्या सप्तकात, कारण खाली व्होल्टेज कमी तशी घटही कमी. मग तुम्ही खालचा सूर लावता, वरचा बिघडतो. वरचा लावता, खालचा चढतो. अशा वेळी ऑसिलेटरला शिव्या बसतात. तो बिचारा निर्दोष असतो.

जॅकच नको, असं म्हणणारेही होऊन गेले. लंडनच्या ईएमएस कंपनीनं १९६९ साली व्हीसीएस३ हा सिंथेसायझर काढला, त्यात केबलच नाही. सोळा आडव्या, सोळा उभ्या रांगांचा एक चौकोन, २५६ भोकं, आणि जोडणी करायची तिथे एक छोटी पिन खोचायची. त्या पिनेच्या पोटात रेझिस्टर. दिसायला इतकं देखणं, की केबलींचं जंजाळ त्यापुढे गावंढळ वाटावं. पण पिन हरवली की झालं, तसली दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. आर्पनं १९७०च्या २५०० या वाद्यात सरकत्या स्विचांची जाळी केली. ती धूळ खाल्ली की एका रांगेतला आवाज दुसरीत पाझरायचा. कॅलिफोर्नियात सिंथेसायझर बनवणाऱ्या डॉन बुकला यांनी आवाजासाठी छोटे जॅक आणि नियंत्रणाच्या व्होल्टेजसाठी बनाना प्लग अशी फाळणीच केली. बनाना एकावर एक रचता येतात आणि त्यांची स्प्रिंग पिनेतच असते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. झिजणारी वस्तू केबलीत, न झिजणारं भोक वाद्यात. केबल फेकता येते. अर्थात बनानाला एकच तार, त्यामुळे दोन वेगळ्या पेट्या जोडायच्या तर ग्राउंडची तार निराळी ओढावी लागते. फुकट काहीच नाही.

अमेरिकेतले सिंथेसायझरकर्ते रॉबर्ट मूग यांनी मात्र टेलिफोन एक्स्चेंजमधला पाव इंची जॅक घेतला. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटरांनी दिवसभर खुपसाखुपशी करावी म्हणूनच तो घडला होता. युरोरॅकच्या जॅकशेजारी तो ठेवला तर पहिलवान दिसतो. असा मूगचा सिंथेसायझर आपल्याकडेही आला होता, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. १९६९ साली संगीतकार डेव्हिड ट्यूडर न्यूयॉर्कहून येऊन तिथला स्टुडिओ मांडून गेले. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं. त्या टेप कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यातल्या निवडक रेकॉर्डच्या रूपात बाहेर आल्या. त्या ऐकताना माझं अर्धं लक्ष संगीतावर असतं आणि अर्धं या विचारात, की अहमदाबादच्या धुळीत तिथले जॅक कोण पुसत असेल. पखवाज शिकलेल्या गीताबेननी पहिल्यांदा केबल उचलली तेव्हा ती पिनेला धरून काढली असेल की तारेला धरून?

हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. जॅकपेक्षा केबल आधी मरते, आणि ती मरते तारेला धरून ओढल्यामुळे. तार जिथे पिनेत शिरते तिथे तिला सगळ्यात जास्त वाकावं लागतं. आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचं प्लॅस्टिक मात्र नवंकोरं दिसतं. सकाळी चालते, संध्याकाळी चालत नाही, एका बाजूला कलती ठेवली की पुन्हा चालते. मल्टिमीटर बीपवर ठेवून तार पिनेपाशी हलवली की चोर लगेच पकडला जातो. पिन स्क्रूनं उघडणारी असेल तर बोटभर तार कापून परत सोल्डर मारता येतो. ओतीव प्लॅस्टिकची असेल तर केराची टोपली. म्हणून रंगीबेरंगी, स्वस्त, ओतीव केबलींच्या जुड्या पाहिल्या की मी नाक मुरडतो आणि तरी घेतो, कारण उघडणाऱ्या पिनांच्या केबली तिप्पट भावाला पडतात.

जॅकच्या बाबतीत खरा शत्रू नट. पट्टीवरचा नट ढिला झाला की पिन घालताना सगळा जोर आतल्या सर्किट बोर्डावरच्या सोल्डरवर येतो. तिथे केसाएवढी चीर पडते आणि नाव बदनाम होतं पत्तीचं. पुण्याच्या तपकीर गल्लीतला एक दुरुस्तीवाला आधी नट आवळतो, मग सोल्डर पुन्हा तापवतो, आणि पत्तीकडे सर्वांत शेवटी वळतो. "पत्ती बसलीय" असं त्याच्या तोंडून क्वचितच येतं. बहुतेक वेळा "ड्राय सोल्डर आहे" एवढंच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा तो थेट जॅकमध्ये मारत नाही. पिनेवर मारतो, पिन आतबाहेर करतो आणि ओलं पुसून घेतो. थेट मारलेल्या फवाऱ्यानं आतली घाण जागच्या जागी चिखल होऊन बसते, असं त्याचं मत. मला ते पटलेलं आहे.

मेलेल्या केबली लगेच फेकवत नाहीत. कधीतरी दुरुस्त करू म्हणून त्या खुंटीवर चांगल्यांच्या शेजारी जातात आणि पुढच्या वेळी नेमक्या हाताला लागतात. त्यावर उपाय म्हणून मी बिघडलेल्या प्रत्येक केबलीला मधोमध गाठ मारून ठेवायला लागलो. पद्धत उत्तम चालली होती. दिवाळीची साफसफाई निघाली आणि आईनं ती खोली हातात घेतली. संध्याकाळी खुंटीवर सगळ्या केबली सरळ, रंगांप्रमाणे लावलेल्या. "किती गुंता करून ठेवतोस रे," ती म्हणाली, "अर्ध्यांना तर गाठी पडल्या होत्या. सगळ्या सोडवल्यात बघ."