वहीतला न लिहिलेला जिन्नस

आईच्या किंवा आजीच्या वहीतला केक करून द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्यांना मी सर्वांत आधी घरातली वाटी आणायला सांगते. वही जपून ठेवलेली असते, पण ज्या वाटीने सगळे मोजले ती वाटी भांडेवालीच्या टोपलीत गेलेली असते, आणि वाटी कोणती हे ठाऊक नसेल तर जुनी कृती निम्मी निरुपयोगी ठरते. गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या बेकरीत आलेल्या एका बाईंनी मात्र दोन्ही आणले होते. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती, वडिलांना ऐंशीवे लागणार होते, आणि त्या दिवशी त्यांना ‘आईचा बिनअंड्याचा केक’ खाऊ घालायचा होता. घर माळकऱ्यांचे होते. कांदा-लसूणही चातुर्मासात बंद असायचे. ‘अंड्याशिवाय इतका हलका केक पुण्यात कोणी करून दाखवावा,’ असे त्यांचे वडील पाहुण्यांना सांगत असत.

वाटीत पाणी भरून मोजले तेव्हा ती 150 मिलिलिटरची निघाली. त्या मापाने दोन वाट्या मैदा साधारण 180 ग्रॅम भरला, वाटीभर लोणी 140 ग्रॅम, दीड वाटी पिठीसाखर 130 ग्रॅमच्या आसपास. पुढे बेकिंग पावडर दीड लहान चमचा, व्हॅनिला इसेन्स दोन चमचे आणि दूध चार चमचे. यादी इथेच संपत होती. अंड्याशिवाय केक करणारी कोणतीही बाई इतक्या मैद्याला चार चमचे दूध पुरेल असे समजणार नाही. तिथे दही लागते, कंडेन्स्ड मिल्क लागते, निदान वाटीभर ताक तरी लागते. लिहिल्याप्रमाणे केले असते तर केक न होता नानकटाई झाली असती, आणि बाईंनी इतरांकडून जे करून घेतले होते ते तसेच झाले होते. दोघा व्यावसायिकांनी तर वही उघडूनही पाहिली नव्हती. एगलेस प्रीमिक्सची पिशवी फोडून, तेल-पाणी घालून, वर ‘आजीच्या हातचा’ असे लिहून दिले होते. या शहरात केक शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, पण मैदा आणि ओलाव्याचे प्रमाण का जुळावे लागते हे त्यांतल्या फारच थोड्या ठिकाणी सांगितले जाते.

खरा उलगडा यादीत नव्हता, यादीखालच्या कृतीत होता. ‘लोणी व साखर पांढरी होईपर्यंत फेसावी. मग थोडे थोडे घालत दर वेळी चांगले फेसावे. फाटल्यासारखे दिसल्यास चमचाभर मैदा घालावा.’ काय थोडे थोडे घालायचे, हे लिहिलेच नव्हते. माझ्या धंद्यातल्या कोणालाही पुढच्या वाक्यावर थांबावेच लागले असते. फेसलेल्या लोण्यात जास्त पाण्याचा अंश भराभर गेला की लोणी तो धरून ठेवू शकत नाही आणि मिश्रण दाणेदार, फुटलेले दिसू लागते. अंडी थंड असतील तर हे हमखास होते, आणि तेव्हा चमचाभर मैदा त्यातले पाणी शोषून मिश्रण सावरतो. एक एक अंडे घालत फेसण्याच्या पद्धतीतला हा अगदी ठरलेला उपाय आहे. चार चमचे दुधासाठी एवढी काळजी कोणी लिहीत नाही. सालाशिवाय अंडे साधारण 50 ग्रॅमचे धरले तर ओलाव्याचा हिशोब तीन अंड्यांनी बरोबर जुळत होता, आणि दोन चमचे इसेन्स कशाचा वास झाकण्यासाठी होता तेही कळत होते.

तरीही आधी मी तीन अंड्यांचा एक छोटा केक स्वतःच्या खात्रीसाठी भाजला आणि मगच बाईंना बोलावले. त्यांना मी वहीतली ती दोन वाक्ये दाखवली आणि त्यांचा अर्थ सांगितला, केक मात्र पुढे केला नाही. त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘केक नेहमी शेजारच्या काकूंकडे व्हायचा. गोल ओव्हन त्यांच्याकडे होता ना.’ झाकणाला काच असलेला तो ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन तेव्हा वाड्यात किंवा चाळीत एखाद्याच घरी असे, त्यामुळे या कारणावर कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. शेवटी त्यांनी मला तोच केक करायला सांगितला. ‘बाबांनी तीस वर्षे तोच खाल्लाय. तुम्ही फक्त डब्यावर काही लिहू नका.’

मी नाही म्हटले. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत दूध शाकाहारी धरले जाते आणि अंडे मांसाहारी. अंड्याच्या पदार्थाला तपकिरी चिन्ह लागते, आणि बिनअंड्याच्या ओट्यावरचा हिरवा ठिपका हाच माझ्यावरच्या गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा पाया आहे. पण खरे सांगायचे तर नियम मला नंतर आठवला. ज्याने आयुष्यभर एक गोष्ट पाळली त्याला ती मोडणारा घास माझ्या हातून जाऊ नये, हे आधी मनात आले. माझ्याकडे पंधरा वर्षे काम करणाऱ्या मावशींना हे अजिबात पटले नाही. ‘बायको देत होती तवा चाललं, लेक देतीय तर तुमचं काय जातंय?’ असे त्यांनी मला सरळ विचारले.

मग मी बिनअंड्याचाच केक केला. लोणी फेसून त्यात कंडेन्स्ड मिल्क घातले आणि त्या बेताने साखर कमी केली, आंबट दह्याला सोडा लावला, आणि 170 अंशांवर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ भाजला. अंड्यातली प्रथिने 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होऊन जो कणखर पण मऊ पोत देतात, तो यात येत नाही. गिऱ्हाईक मात्र ‘एगलेस द्या, पण तसाच लागला पाहिजे’ असे साबण मागावा तितक्या सहज मागते. केक चांगला झाला होता. वाढदिवशी वडिलांनी तो आवडीने खाल्ला आणि ‘पण हिच्या हातची सर नाही’ असे म्हणाले, हे बाईंनी मला नंतर कळवले.

त्यांच्या आईचा विचार मी अजून करते. लपवायचेच होते तर कृती इतकी नेमकी का लिहिली? स्वतःपुरते लिहायचे तर प्रमाणे पुरेशी होती, फाटलेले सावरायचे कसे हे आपण दुसऱ्यासाठी लिहितो. वाचणाऱ्या लेकीला कधीतरी केक जमू लागेल आणि मग तिचे तिलाच कळेल, असे त्यांनी धरले असावे असे मला वाटते, पण ते माझे वाटणे.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी बाईंचा फोन आला. ‘फुटलंय सगळं. आत्ता मैदा घालू का?’ अंडी फ्रिजमधली का, म्हणून मी विचारले, तर होती. एक चमचा घाला, फेसत राहा, पुढचे अंडे पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मग फोडा, असे मी सांगितले. हे सांगताना मी क्षणभरही थांबले नाही. तो केक कोणाच्या ताटात गेला असेल हे मला साधारण कळत होते, आणि डब्याला नाही म्हणणारी मी फोनवर मात्र इतक्या तत्परतेने का बोलले, हे मावशींनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही, आजही येत नाही.