गोळा सगळ्यात शेवटी

पोलीस भरतीत छाती उघडी करून मोजतात. न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५. माप माझं कधीच कमी भरलं नसतं, अडचण उघडं होण्याची होती, कारण माझी छाती बाईसारखी वाढलेली होती. गावातली पोरं मला ज्या नावानं हाक मारायची ते इथं लिहीत नाही. ज्याला हा त्रास आहे, त्याला ते नाव माहीतच असेल. दारव्हा रोडवर पहाटे पळताना शर्टाच्या आत दोन बनियान असायच्या, ऐन मे महिन्यातही.

दंड मारून हे जात नाही. नुसती चरबी असती तर पळून थोडीफार उतरली असती, पण माझ्या स्तनाग्रामागं ग्रंथी वाढलेली होती आणि ती व्यायामानं विरघळत नाही. वयात येताना पुष्कळ पोरांना असं होतं आणि बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसतं. माझं बसलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि मग सरळच विचारलं, "इंजेक्शनं घेता का बॉडीसाठी?" मी घेत नव्हतो. घेणारे ओळखीचे आहेत. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि त्यानं छाती वाढते. ही ग्रंथी ऑपरेशन करून काढतात, पण त्यानंतरही स्तनाग्र आत खचू नये म्हणून ग्रंथीची पातळ चकती ठेवतात, म्हणजे पुन्हा इंजेक्शनं सुरू केली तर पुन्हा वाढायला जागा असतेच.

ऑपरेशन दिवाळीनंतर केलं, सोयाबीन विकून झाल्यावर. हिवाळा मुद्दामच धरला. नंतर महिना-दीड महिना छाती आवळून धरणारं जॅकेट रात्रंदिवस घालायचं असतं, ते आमच्याकडच्या एप्रिलमध्ये कोणी घालून दाखवावं! गावात सांगितलं, गाठ काढली. दुसऱ्या दिवशी काकू रडत आली. तिच्यापर्यंत ते कॅन्सर होऊन पोचलं होतं.

आता मुद्द्याचं. ऑपरेशननंतर काय करायचं नाही, त्याच्या दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर जिम, बेंच प्रेस (उताणं पडून छातीवरून वजन उचलणं), पुशअप, पोहणं असं सगळं होतं. आमच्या गावात जिम नाही. म्हणून टाके दाखवायला गेलो तेव्हा माझी यादी वाचून दाखवली: सोळा लिटरचा फवारणी पंप, स्प्रिंकलरचे पाइप, कापसाचं गाठोडं, बैलाचा कासरा. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं बेंच प्रेसच समजा. कासरा तर त्याहून वाईट, बैल काही सांगून झटका देत नाही."

कारणही त्यांनी समजावलं. ग्रंथी आणि चरबी काढल्यावर आत पोकळी राहते. वरची कातडी खालच्या स्नायूला चिकटायला वेळ लागतो. तोवर छातीचा स्नायू जोरात ओढला गेला तर दोन थर एकमेकांवर सरकतात आणि मध्ये पाणी साचतं. सुरुवातीच्या दिवसांत धापा टाकेपर्यंत श्रम केले तर रक्तदाब वाढून आत रक्त साकळू शकतं. वरचा टाका सुकला म्हणजे आतलं जुळलं असं नाही. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या निम्मीही ताकद नसते.

चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. मी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जायचो, पुढं नाल्यापर्यंत. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, पण हात अगदी बांधून ठेवल्यासारखेही धरायचे नाहीत, नाहीतर खांदा आखडतो. मोटरसायकल बंद. आमचा रस्ता पाहता ती तशीही बंदच बरी.

तीन-चार आठवड्यांनी, तपासून घेऊन, बैठका आणि जॅकेट घालूनच हळू पळणं. छातीचा व्यायाम सुरू करायचा तो साधारण सहा आठवड्यांनंतर, तोही भिंतीला टेकून केलेल्या पुशअपनं. प्रत्येकाचं वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांचं. माझं पाहून कोणी पंप उचलू नये.

हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि विजेची लाइन रात्रीची. बाबा एकटेच पाइप बदलत होते, ते पाहणं टाक्यांपेक्षा जास्त दुखायचं. मी उठलो की त्यांचं ठरलेलं, "तू बस चुपचाप. पैसे काय वाया घालाले लावले का?" शेवटी मी नोझलवर बॅटरी धरून उभा राहायचो. तेवढीच मदत.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला, तो सोडला, हे वेगळं सांगतो, कारण आमच्याकडं ऑपरेशनच्या गप्पाही खर्रा घोटतच होतात. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राभोवतीच्या कातडीला रक्त कमी पडतं. तिथली कातडी काळी पडली तर मग ऑपरेशन करून उपयोग काय?

एक बाजू अचानक फुगली, तणली, गरम लागली किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. दोन्ही बाजूंची थोडी सूज, टोचणं, बधिरपणा हे महिनोन्महिने चालतं. माझी डावी बाजू अजून बधिर आहे. व्रणावर ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर डाग काळा राहतो. म्हणून शर्ट अजूनही घालूनच पळतो, फक्त एकाच बनियानवर.

भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. गोळा ७.२६० किलोचा, आणि फेकताना सगळा जोर छातीतूनच निघतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी. सध्या हलक्या गोळ्यावर आहे, तोही जागेवर उभा राहून. मित्र म्हणतो, "भरती निघाली तं काय करशीन बे?" निघाली तर पळण्यावरच जोर देईन. पात्र व्हायला २५ लागतात आणि पळण्याचे ३५ आहेत.